गच्चीवरचे खांब निवडुंग: कोल्हापुरात एका पावसाळ्यातून काढलेल्या नोंदी

जागा: कोल्हापूर शहर, दुमजली घराची गच्ची, पश्चिमेची बाजू पूर्ण मोकळी. जाती तीन: सेरेयसच्या सात छाटा, निळ्या पिलोसोसेरेयसची तीन तयार रोपे आणि सग्वारोचे शंभर बी (लिहितात सग्वारो, म्हणतात सवारो). शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सग्वारोच्या मुलखात, ॲरिझोनातल्या टूसॉनला, वर्षभरात मिळून तीनशेच्या आतबाहेर. या फरकाशी कसं निभावलं, एवढाच या नोंदींचा विषय. खर्च आणि चुका झाल्या तशा ठेवल्या आहेत.

११ फेब्रुवारी २०२४

सेरेयसचा बारा-तेरा फुटी जुना झुपका एका बंगल्याच्या कुंपणालगत होता, बांधकामासाठी काढून टाकत होते. छाटा फुकट मिळाल्या.

करवत लावण्याआधी ओळख पटवली. बोलीत थोरालाही निवडुंगच म्हणतात, पण तो युफोर्बिया. त्याला टोचलं की दुधासारखा पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर थेट डॉक्टरकडे पळावं लागतं. खऱ्या कॅक्टसला चीक नसून पाणचट, बुळबुळीत रस असतो आणि काट्यांचा प्रत्येक झुपका कापसाच्या लहानशा गादीतून निघतो. इथे गाद्या होत्या, चीक नव्हता.

छाटा ४५ ते ६० सेंमी लांब, ९ ते ११ सेंमी जाड. सुरी ब्रेड कापायची दातेरी, दर कापानंतर स्पिरिटने पुसलेली. पहिला काप लाकडाच्या करवतीने दिला तो फाटला, म्हणून ती बाजूला ठेवली. धरायला गोणपाटाची चार पदरी पट्टी. चामडी हातमोज्यांचा उपयोग नाही, काटे आरपार येतात.

कापण्याआधी प्रत्येक छाटीवर मार्करने दोन खुणा: शेंडा कुठे त्याचा बाण आणि दक्षिणेकडची बाजू. सात छाटा आडव्या पडल्या की उलटसुलट ओळखता येत नाही, आणि उलटी लावलेली छाट मुळं धरली तरी नीट वाढत नाही.

खालचं टोक पेन्सिलीसारखं उतरतं तासलं. आडव्या कापात मध्ये पांढरा गर, त्याभोवती तंतूंचं कडं, बाहेर हिरवा मांसल भाग दिसतो. मुळं त्या कड्यातून येतात. सपाट काप वाळताना मधला भाग वाटीसारखा आत ओढला जातो आणि हिरव्या कडा खाली लोंबतात. मुळं मातीपर्यंत पोचण्याऐवजी त्या वाटीतच अडकतात. चारी बाजूंनी दीड-दोन सेंमी तिरपं तासलं की कडं सगळ्यात खाली राहतं.

कापांवर गंधकाची पूड. छाटा सावलीत, रिकाम्या कुंड्यांच्या तोंडात उभ्या. आडव्या ठेवल्या तर महिन्याभरात शेंडा वर वळतो आणि खांब कायमचा वाकडा राहतो.

१८ फेब्रुवारी

मिश्रण तयार केलं: लाल माती १ भाग, कुजलेलं शेणखत १, क्रश सँड १, फाउंड्रीची (धातू ओतायच्या कारखान्याची) वापरलेली वाळू २. ही वाळू शिरोली एमआयडीसीकडून फुकट आली. काळीभोर, एकसारखी, हाताला सुटी. कुंडीच्या तळाला दोन इंच खडी. यातल्या दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या, पुढे २१ एप्रिलची नोंद पाहावी.

मातीच्या १२ इंची कुंड्या ७, प्रत्येकी २२० रुपये, एकूण १,५४०. पिलोसोसेरेयस तीन, प्रत्येकी ३५०, एकूण १,०५०. ही तीन नर्सरीच्या प्लास्टिक कुंडीतून काढून, मुळांचा गोळा तसाच ठेवून, वरील मिश्रणात लावली. गोळा तसाच ठेवला ही तिसरी चूक, ती कळायला जुलै उजाडला.

१० मार्च

छाटांच्या कापांवरची खपली २७ दिवसांत पक्की झाली. नखाने वाजवली की टकटक आवाज येतो, दाबल्यावर ओल लागत नाही. दोन छाटांच्या कड्यातून मोहरीएवढे पांढरे फुगवटे बाहेर आलेत, तीच मुळं.

लागण कोरड्या मिश्रणात, फक्त ८ ते १० सेंमी खोल. "उंच आहे, पडेल" म्हणून खोल पुरायचा मोह होतो, पण पुरलेला हिरवा भाग कुजतो. आधाराला तीन बांबू, बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. सुतळी कातडीत रुतते. दक्षिणेची खूण दक्षिणेकडे. पाणी दोन आठवडे नाही.

१६ मार्च

सग्वारोचं बी पेरलं. १०० बियांना ६०० रुपये. बी खसखशीपेक्षा जरा मोठं, काळं, चकचकीत. दोन झाकणाचे प्लास्टिक डबे, तळाला भोकं, आत बारीक चाळलेली खडी आणि कोकोपीट निम्मंनिम्मं. ते आधी कुकरमध्ये पाच शिट्ट्या देऊन थंड केलं. बी वर नुसतं पसरलं, मातीने झाकलं नाही, कारण या बियाला रुजायला उजेड लागतो. डबा पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओल वर येऊ दिली, मग झाकण बंद. खिडकीत, थेट ऊन लागणार नाही असा.

एका डब्यात कोकोपीट कमी पडलं म्हणून मूठभर गांडूळखत मिसळलं. तेवढं मिसळायला नको होतं.

२८ मार्च

बारा दिवसांत ७१ बी रुजलं. पाचव्या दिवशी पहिला मोड. दोन फुगीर हिरवी दलं आणि त्यांच्या बेचक्यात पाच-सहा केसांसारखे काटे, बाकी काहीच नाही. भिंगातून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

गांडूळखताच्या डब्यात बारीक काळी चिलटं उडताना दिसली. यांच्या अळ्या कोवळ्या मुळ्या खातात. पिवळा चिकट कागद लावला, पण उशीर झाला होता: त्या डब्यातली १८ रोपं आठ दिवसांत आडवी झाली. दुसऱ्या डब्यातलं एकही नाही.

१४ एप्रिल

वळीव आला. पाऊणएक तास, गारांशिवाय, पण धोधो. गच्चीवर अजून छप्पर नाही. छाटांना २४ मार्चला पहिलं पाणी दिलं होतं, कुंडीला २०० मिली. आज प्रत्येक कुंडी तुडुंब. पाऊस थांबल्यावरही चार-पाच मिनिटं पाणी वर तसंच उभं होतं.

२१ एप्रिल

छाट क्रमांक ३ आणि ६ हलवल्या तर डुलतात. बुंधा तपकिरी, दाबला की बोट आत जातं, उघड्यावर राहिलेल्या बटाट्यासारखा वास. दोन्ही उपसल्या. सगळ्याच कुंड्या उलट्या केल्या.

वरचा तृतीयांश कोरडा, खालचा काळा चिखल, खडीला चिकटलेला. कारण फाउंड्रीची वाळू. साच्यासाठी या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळतात. बेंटोनाइट पाण्याने फुगतं आणि ओल सोडत नाही. साच्याला तेच हवं असतं, निवडुंगाला बरोबर तेच नको. धुऊनही ते पूर्ण जात नाही. बादलीत तीनदा धुऊन पाहिलं, चौथ्यांदाही पाणी काळंच.

मग अंदाज सोडला आणि मोजमाप केलं. सहा इंची चार सारख्या कुंड्या, प्रत्येकीत कोरडं मिश्रण, वरून ५०० मिली पाणी. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

पहिली, जुनं मिश्रण: पाणी वरून दिसेनासं व्हायला ३ मिनिटं ४० सेकंद. ४१० ग्रॅम पाणी धरून ठेवलं, पाचव्या दिवशीही २९० ग्रॅम शिल्लक.

दुसरी, तेच मिश्रण पण तळाला दोन इंच खडी: वेळ तेवढाच. खडी कोरडी राहिली आणि तिच्या लगेच वरची माती गच्च भिजलेली. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत उतरायला नाखूश असतं, ते आधी वरच अडून बसतं. म्हणजे तळाच्या खडीने निचरा वाढला नाही, उलट ओला भाग दोन इंच वर, मुळांच्या जवळ आणला. वर्षानुवर्षं सगळे कुंडीत खडी घालतात, आम्हीही घालत होतो.

तिसरी, नवं मिश्रण (३ ते ६ मिमी खडी ५ भाग, विटांचे तुकडे २, चाळलेलं कंपोस्ट २, लाल माती १): १५ सेकंद. १९० ग्रॅम धरलं, पाचव्या दिवशी ४० उरलं.

चौथी, नुसती खडी आणि विटा: ५ सेकंद, ९० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी कोरडी ठणठणीत. मे महिन्यात रोज पाणी घालायची तयारी असेल तरच.

तिसरं मिश्रण घेतलं.

२३ ते २८ एप्रिल

सामान जमवण्यात सहा दिवस गेले. खडी टोपच्या खाणीकडची, चार पोती, वाहतुकीसह ४०० रुपये. ती जशी येते तशी वापरता येत नाही. चाळणीतून काढली तर जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती भुकटी. ही भुकटी तशीच राहिली तर पाण्याबरोबर खाली जाऊन सिमेंटसारखी बसते. चाळून, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घेतली.

विटा भट्टीवरच्या फुटक्या, फुकट. हातोडीने ५ ते १० मिमीचे तुकडे करायला तीन तास आणि एक फोड. कच्च्या भाजलेल्या विटा ओळखायला तुकडे रात्रभर पाण्यात ठेवावेत: सकाळी जे बोटात चुरगळतात ते टाकायचे. साधारण पाचातला एक गेला.

साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची राख वापरा, असा सल्ला दोघांनी दिला, कारण ती इथे पाहिजे तेवढी मिळते. वापरली नाही. ती पिठासारखी बारीक आणि अल्कधर्मी असते, दोन्ही दोष इथे नडतात.

उरलेल्या पाच छाटा नव्या मिश्रणात, खडीच्या थराशिवाय. पिलोसोसेरेयसही त्यातच, गोळे तसेच ठेवून. तळाच्या भोकावर फक्त जाळीचा तुकडा. छाटांची मुळं धुताना बरीच तुटली, म्हणून पुन्हा दहा दिवस कोरडं.

९ मे

छाट १ आणि ४ च्या उत्तरेकडच्या धारांवर फिकट पिवळे डाग. उत्तरेकडे कसे, हे आधी समजेना, खुणा तर बरोबर लावल्या होत्या.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) होतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. ही बाजू वर्षातले नऊ महिने सावलीत राहिलेली, म्हणून कातडी कोवळी. जुन्या जागी तिच्यावर शेजारच्या भिंतीची सावली पडत होती, गच्चीवर आडोसा नाही. दक्षिण सांभाळायचा सल्ला थंड देशांतल्या लोकांचा आहे. तिथे तो पुरा पडतो, इथे अर्धाच.

सगळ्यांवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणली. पिवळा डाग आता गवताच्या रंगाचा, बुचासारखा कडक होईल आणि कायम राहील. त्याने झाड मरत नाही, दिसायला वाईट एवढंच.

२ जून

छप्पर उभं राहिलं. १० × ८ फूट, एक इंची चौकोनी जीआय पाइप, वेल्डिंगसह ४,८००. वर २०० मायक्रॉनचं यूव्ही पॉलिथिन, १,१००. पश्चिमेला पाच फूट, पूर्वेला सात फूट उंच. चारी बाजू उघड्या. बंद केल्या तर आत वाफ कोंडते आणि पावसापेक्षा ती वाईट.

अपारदर्शक पत्रा घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. जुलैत आधीच आभाळ भरलेलं असतं, त्यात वर पत्रा आला तर झाड उजेडासाठी बारीक होत वर धावतं.

२२ जून

आर्द्रा नक्षत्र लागलं. पाणी पूर्ण बंद, खत बंद, सप्टेंबर अखेरपर्यंत. पश्चिमेच्या रांगेतल्या तीन कुंड्या तरीही ओल्या, कारण इथे पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. छपराची कड कुंड्यांच्या अगदी वर होती. छपराचा प्लास्टिक कागद पश्चिमेकडे ४५ सेंमी बाहेर वाढवला, टोकाला बांबू घालून. काम एका तासाचं, सुचायला तीन आठवडे लागले.

९ जुलै

तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्राचा) सुरू. शेडनेट काढायची राहून गेली होती. छाट २ आणि ५ चे शेंडे पोपटी आणि निमुळते झालेत: खालचा खांब १० सेंमी जाड, नवी वाढ ६ सेंमी. ही कंबर पुढे भरून येत नाही, आणि वर वजन वाढलं की खांब नेमका तिथेच मोडतो. नेट मृगाच्या पहिल्या पावसालाच काढायला हवी होती.

छाट ७ च्या कोवळ्या शेंड्यावर खरवडल्यासारखे पांढरे चट्टे. रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर गोगलगायी, काट्यांमधून आरामात चालत. अकरा वेचल्या. कुंड्यांखाली विटा ठेवून त्या जमिनीपासून उचलल्या. विटांच्या बेचक्यात दिवसा गोगलगायी बसतात, त्यामुळे आता सकाळी वेचणं सोपं जातं.

२६ जुलै

म्हातारा पाऊस (पुष्य नक्षत्राचा). पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलेली. छपराखाली माती कोरडी, तरी पिलोसोसेरेयस क्रमांक २ चा बुंधा निळ्याचा तेलकट तपकिरी झालाय.

उपसलं. बाहेरची खडी कोरडी, पण मध्ये नर्सरीच्या कोकोपीटचा मुठीएवढा गोळा, पिळला तर पाणी निघतं. दमट हवेत आधीची ओल धरून ठेवायला तेवढा गोळा पुरे. मुळं त्यातून बाहेर आलीच नव्हती. नवं मिश्रण कितीही चांगलं असलं तरी जुना गोळा आत तसाच असेल तर फुकट.

कापायला घेतलं. झाड ६२ सेंमी. बुंध्यापासून ७ सेंमीवर पहिला काप: गर पांढरा, हिरवा भाग ठणठणीत, पण तंतूंच्या कड्यात दोन ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके. पाहिलं नसतं तर इथेच थांबलो असतो. कूज या कड्यातून वर चढते, बाहेरच्या भागात ती शेवटी दिसते. सुरी स्पिरिटने पुसून एक सेंमी वर. ठिपके दोनच, जरा फिकट. पुन्हा पुसून वर. दर चकती पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी पाहायची, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट नारिंगी रंग नीट ओळखू येत नाही. दहाव्या चकतीला कडं पूर्ण स्वच्छ, सगळीकडे सारखं फिकट हिरवं. एकूण १६ सेंमी गेले, ४६ राहिले. चकत्या कंपोस्टमध्ये टाकल्या नाहीत, कचऱ्यात दिल्या.

औषध आणायला मार्केट यार्डापर्यंत जाणं झालं नाही, घरच्या गंधकावर भागवलं. पण या हवेत खपली धरणार कशी? छाट रिकाम्या कुंडीच्या तोंडात उभी करून समोर टेबल फॅन, कमी वेगावर, चार दिवस रात्रंदिवस. पाचव्या दिवशी काप कोरडा आणि किंचित आत ओढलेला. तिथून पुढे दिवसातून दोन तास.

बाकीच्या दोन पिलोसोसेरेयसचे गोळेही आजच सोडवले. हाताने निघत नाहीत. बादलीत अर्धा तास बुडवून, बोटांनी मोकळे करून, मुळं धुऊन तीन दिवस वाळत ठेवली. पावसाळ्यात मुळांना हात लावू नये म्हणतात, पण गोळा आत ठेवणं जास्त धोक्याचं होतं.

१८ ऑगस्ट

सग्वारो. उरलेली ५३ रोपं पाच महिने झाकणाखाली, पृष्ठभागावर हिरवं शेवाळ. शेवाळ रोपांच्या उंचीइतकं वाढलं की त्यांना गाडून टाकतं. झाकण एकदम काढलं. दोन दिवस कडक ऊन पडलं आणि २४ रोपं लालसर होऊन सुरकुतली, ती परत उठली नाहीत. राहिली २९.

झाकण दोन महिन्यांनंतर उघडायला सुरुवात करायची होती: पहिला आठवडा काडीएवढी फट, मग अर्धं, मग पूर्ण. ॲरिझोनातही सग्वारोचं रोप उघड्यावर जगत नाही. पालो वर्दे किंवा मेस्किटच्या झाडाखाली वाढलेलं टिकतं. आता २९ रोपं ५० टक्के नेटखाली, पूर्वेच्या खिडकीत. पाणी खालूनच, वरची खडी सुकल्यावर दोन दिवसांनी.

३ ऑक्टोबर

पिलोसोसेरेयस २ ची खपली पक्की व्हायला ३८ दिवस लागले (फेब्रुवारीत छाटांना २७), आणि आज त्याला मुळं दिसली. लावलं.

काल ऊन पाहून छपराचा कागद काढला होता.

९ ऑक्टोबर

परतीचा पाऊस, दोन संध्याकाळी. कागद पुन्हा चढवला. काढणं आणि चढवणं मिळून एक अख्खा रविवार वाया. यापुढे दिवाळीपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. पाणी मात्र सुरू केलं, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा इथला दुसरा चांगला वाढीचा काळ (पहिला फेब्रुवारी ते मे). १२ इंची कुंडीला दीड लिटर, पुढचं पाणी कुंडी तळापर्यंत सुकल्यावर. तपासायला बांबूची काडी तळापर्यंत खुपसायची आणि काढून गालाला लावायची: ओल बोटाला कळत नाही, गालाला कळते.

१७ नोव्हेंबर

पिलोसोसेरेयस १ वर पिठ्या ढेकूण, काट्यांच्या गाद्यांत. गाद्याही पांढऱ्या असल्याने महिनाभर लक्षात आलं नाही. मुंग्यांची रांग दिसल्यावर संशय आला.

कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं. कीड गेली आणि झाडाची निळाईसुद्धा. तो निळा रंग कातडीवरच्या मेणाचा असतो, तेल आणि साबण त्याला धुऊन काढतात. जुन्या भागावर मेण परत येत नाही. आता ते झाड वरच्या चार सेंमीला निळं, बाकी मळकट हिरवं. उरलेल्या दोघांना ७० टक्के अल्कोहोल बारीक ब्रशने, फक्त गादीवर, एकेक करून. दोन झाडांना दीड तास. सेरेयसवर हेच तेल-साबण चालून गेलं.

या झाडांना बोटही लावू नये. उचलताना पडलेले ठसे आजही मोजता येतात.

१२ जानेवारी २०२५

थंडीचा काही त्रास नाही, इथे काळजी करण्याइतकी थंडी पडत नाही. पाणी तीन आठवड्यांतून एकदा. कुंड्यांच्या कडेला पांढरे क्षार, बोअरच्या पाण्याचे. पुढच्या पावसाळ्यात छपराचं पाणी पिंपात धरायचं.

२ मार्च

मोजमाप. सेरेयस पाच जिवंत, वर्षभरातली वाढ ९ ते २१ सेंमी. सगळ्यात जास्त छाट ७ ची, गोगलगायींनी खाल्लेली. छाट २ आणि ५ कंबरेखाली कापून पुन्हा खपलीला ठेवल्या, बुंध्यातून बाजूचे कोंब येतील. पिलोसोसेरेयस तिन्ही जिवंत: एक हिरवं पडलेलं, एक ४६ सेंमीचं मुळं धरलेलं, एक जसंच्या तसं. सग्वारो २९ पैकी २६, सगळ्यात मोठं ८ मिमी रुंद, म्हणजे वाटाण्याएवढं. आपल्या मुलखात सग्वारो पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो, त्या मानाने ठीक.

खर्च: कुंड्या १,५४०, पिलोसोसेरेयस १,०५०, बी ६००, खडी ४००, सांगाडा ४,८००, पॉलिथिन १,१००, औषधं आणि स्पिरिट ४२०. एकूण ९,९१० रुपये. शेडनेट घरातली जुनी.

सेरेयसला फुलं आली तरी फळ धरणार नाही. पाचही छाटा एकाच झाडाच्या, आणि याला सहसा दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. फळ हवं असेल तर वेगळ्या झाडाची एक छाट शोधावी लागेल, मेच्या आधी मिळाली तर बरं. पॉलिथिन पश्चिमेच्या बांबूपाशी चिरलंय, तेही तेव्हाच बदलायचं.